कापूस लिव्हरपूलला, तेल सुमात्राचं

यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेतेरा लाख हेक्टर. त्यात पुसदचं पूस नदीचं खोरं आलं, उमरखेडकडचं पैनगंगा अभयारण्य आलं, वणीच्या कोळशाच्या खाणी, सगळी गावं, रस्ते, पडीक माळ आले. असे दोन जिल्हे शेजारी मांडले तर जेवढी जमीन होईल, जवळपास तेवढ्या जमिनीवर इंडोनेशिया-मलेशियात फक्त आपल्यासाठी तेलताडाची झाडं उभी आहेत. हिशेब सोपा आहे. भारताची पामतेलाची आयात अलीकडे वर्षाला ८० ते ९० लाख टनांच्या घरात असते आणि तिकडे एका हेक्टरात साधारण साडेतीन टन तेल निघतं. भागाकार कुणीही करावा.

यंदा पुसदच्या कढयांमध्ये चकल्या-शेव तळली गेली, तेव्हा त्यातलं बरंचसं तेल या दोन अदृश्य जिल्ह्यांतून आलं होतं. पिशवीवर सोयाबीनच्या शेंगेचं चित्र असलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण सोयाबीन तेलही अर्जेंटिना-ब्राझीलहून येतं. बाजारच्या फरसाणाला तर पामतेलाशिवाय भागतच नाही. आणि हे सगळं अशा गावात, ज्याच्या चारी बाजूंना खरिपात सोयाबीन डोलत असतं.

शेतमालाच्या व्यापारात वजन लिहितात, प्रत लिहितात, ओलाव्याचं प्रमाण लिहितात. किती जमीन गुंतली आणि तिचं काय झालं, हे कुठल्याच पावतीवर नसतं. माल जातो, जमीन मागे राहते, आणि जमिनीला जे सोसावं लागतं तेही मागेच राहतं. आज आपण घेणाऱ्याच्या बाजूला आहोत. दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाड देणाऱ्याच्या बाजूला होतं.

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुसद तालुका पुढे वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडलं गेलं. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख. इंग्रजांना या काळ्या मातीत काय हवं होतं, हे त्यांनी कधी लपवलं नाही. लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून घेत. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्या चार वर्षांत वऱ्हाडातलं कापसाचं क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसासाठी म्हणून खास आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कारनॅक हे त्याचं नाव. १८७० मध्ये खामगावचा रेल्वेफाटा सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. स्वित्झर्लंडच्या फोलकार्ट बंधूंसारख्या पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडात बसू लागले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीकडचा आखूड धाग्याचा कापूस ‘ऊमरा’ या नावानं विकला जात असे.

त्याआधीही इथला कापूस दूर जाई, पण बैलांच्या पाठीवर. बंजाऱ्यांचे तांडे लदेणी घेऊन थेट मिर्झापूरपर्यंत चालत जात. रेल्वेनं तो धंदा बसवला. पुसद परिसरात तांड्यांची वस्ती आजही दाट आहे, आणि एकेकाळी माल वाहणारा समाज इथे जमीन कसायला लागला. गंमत अशी, की ज्या रेल्वेनं लदेणी बुडवली ती पुसदला आलीच नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ कापसासाठीच घातली गेली आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. तीही दारव्ह्यावरूनच वळली. पुसदवरून जायच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

वाढलेल्या कापसाला जमीन कुठून मिळाली? इथे जरा थांबायला हवं, कारण नुकसानीचं खरं ठिकाण हेच आहे. कापसानं वऱ्हाडची माती लुटून नेली असं सरसकट म्हटलं जातं, ते निम्मंच खरं आहे. परदेशी जाणारी रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, हवा-पाण्यातून झाडानं तयार केलेलं. नत्र, स्फुरद असतं सरकीत, आणि सरकी इथे राहिली तर बैलांच्या गव्हाणीतून शेणखत होऊन परत वावरात येते. तेव्हा गाठीबरोबर जे गेलं त्यापेक्षा गाठीसाठी जे उठवलं गेलं ते मोठं. माळ आणि गायरानं नांगराखाली आली. जंगलं राखीव झाल्यानं तिथली चराई बंद झाली. ज्वारीचा वाटा कमी झाला, आणि ज्वारी म्हणजे नुसती भाकर नव्हे, कडबाही. मोजणी झाली, खातेदाराला जमीन विकण्या-गहाण ठेवण्याची मुभा मिळाली, शेतसारा रोख भरायचा ठरला. रोख पैसा कापसातच होता. पेव भरून ज्वारी ठेवणारा शेतकरी आता कापूस विकून बाजारातून ज्वारी घेऊ लागला.

मग १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चे दुष्काळ आले. संवत १९५६ चा, म्हणून तो दुसरा ‘छप्पन्नचा’. पाऊस हुकला हे खरंच, पण ज्याच्याकडे धान्य नाही, चारा नाही आणि कापसाचा भाव लिव्हरपूलच्या हाती, त्याच्यासाठी पाऊस हुकण्याचा अर्थच निराळा. १८९१ ला वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ ला ती २७ लाख ५४ हजार भरली. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या पुस्तकात कापूस आणि दुष्काळाचं हे नातं सविस्तर उलगडलं आहे.

त्याच व्यापाराची दुसरी बाजू इंग्लंडमध्ये दिसते. केनेथ पोमेरान्झ या इतिहासकारानं मांडलेला हिशेब असा: १८३० च्या सुमारास ब्रिटननं आयात केलेल्या, मुख्यतः अमेरिकी, कापसाऐवजी तेवढीच लोकर घरी काढायची ठरवली असती, तर मेंढ्या चारायला २ कोटी ३० लाख एकर लागले असते. तेवढी शेतं आणि कुरणं मिळून ब्रिटनकडे नव्हतीच. म्हणजे इंग्लंडची कुरणं जी वाचली, ती मिसिसिपीच्या काठी गुलामांच्या घामावर आणि पुढे काही अंशी वऱ्हाडातल्या गायरानावर. व्हिएन्नाचे हेल्मुट हाबेर्ल आणि त्यांचे सहकारी आज हेच नेमकेपणानं मोजतात: कुठल्या देशाच्या उपभोगासाठी दुसऱ्या कुठल्या देशातली किती वनस्पती-उपज खर्ची पडली. पृथ्वीवरच्या जमिनीत वर्षाला जेवढी उपज होऊ शकते, तिचा जवळपास चौथा हिस्सा माणूस स्वतःसाठी वळवतो, असा त्यांचा २००७ चा अंदाज आहे.

स्वातंत्र्यानंतर उलटा प्रवाह सुरू झाला तोही पोटासाठी. अमेरिकेचा गहू आणि लाल मिलो रेशनवर आला. त्याच धान्याबरोबर गाजरगवत आलं असं गावोगाव मानतात. पुण्यात त्याची पहिली नोंद पन्नासच्या दशकाच्या मध्यात झाली. कुणाच्या तरी जमिनीवरचं धान्य खाणं फुकट नसतं, याचा हा पुरावा दर पावसाळ्यात बांधावर उगवतो. या परावलंबनाची सल ज्याला सर्वांत जास्त होती तो मुख्यमंत्री पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. वसंतराव नाईकांनी १९६५ मध्ये राज्य दोन वर्षांत धान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर पैज घेतली ती संकरित ज्वारीच्या भरवशावर. आज त्यांच्याच तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर सोडून वावरात दुसरं काही शोधावं लागतं. खरिपाची ज्वारी गेली. रानडुकरं आणि पाखरं हे एक कारण सांगतात, भाव हे दुसरं. ज्वारीबरोबर कडबा गेला, आणि सोयाबीनच्या कुटारावर बैलजोडी पोसत नाही. बैल गेले तसं शेणखतही गेलं. नांगरटीला ट्रॅक्टर आहे म्हणून कुणी बोलत नाही इतकंच.

सोयाबीन हे तर जगाच्या बाजारासाठीच आलेलं पीक. दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकीची ढेप कोंबड्यांना आणि परदेशी. आपलं सोयाबीन जनुक-बदल न केलेलं, म्हणून युरोपात त्याच्या ढेपेला मान. म्हणजे वऱ्हाडातून प्रथिनं बाहेर जातात आणि सुमात्रातून तेल आत येतं. इथे सोयाबीनचं हेक्टरी उत्पन्न टनभराच्या आसपास, त्यात तेल जेमतेम पावणेदोनशे-दोनशे किलो. आयात होणारं सगळं पामतेल या सोयाबीनमधून काढायचं म्हटलं तर पावणेपाच कोटी हेक्टर लागतील; अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन कोटी आठ लाख. तेव्हा ‘आयात बंद करा’ ही घोषणा भाषणापुरती ठीक. तेलताड कमी जमिनीत जास्त तेल देतो, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. पण तिथली जमीन बऱ्याच ठिकाणी वर्षावनाची होती, काही ठिकाणी दलदलीची. ती उपसून वाळवली की पेटते. २०१५ मध्ये अशा आगींच्या धुरानं सिंगापूर-मलेशियापर्यंत आकाश कोंदलं होतं. तो धूर आपल्या तेलाच्या भावात कधीच धरला गेला नाही. भावात धरली गेली ती इंडोनेशियाची २०२२ ची निर्यातबंदी, जेमतेम तीन-साडेतीन आठवड्यांची.

तुरीचंही तेच. २०१५ मध्ये डाळ दोनशे रुपयांवर गेली, आणि २०१६ मध्ये सरकारनं मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. त्याच हंगामात इथे तूर उदंड पिकली आणि शेतकरी खरेदी केंद्रांवर पोती घेऊन ताटकळले. मग २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा आली, तर मोझांबिकमधले भाव कोसळले. दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं दोन खंडांतली वावरं एकदम हलतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठलं, आणि मुदत वाढत डिसेंबरअखेरपर्यंत गेली. म्हणजे वेचणीच्या तोंडावर पुसदच्या कापसाची स्पर्धा ब्राझीलच्या मातो ग्रोसोतल्या, सवाना मोडून केलेल्या शेतांशी. इथेनॉलची तऱ्हा आणखी वेगळी. पेट्रोलमध्ये मिसळायला मका वळवला, तर मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. आणि इथेनॉल काढून उरलेला मक्याचा स्वस्त चोथा कोंबडीच्या खाद्यात शिरल्यानं सोयाबीनच्या ढेपेला गिऱ्हाईक कमी झालं. पेट्रोल पंपावरच्या धोरणानं बाजार समितीतलं सोयाबीन हमीभावाखाली राहायला हातभार लावावा, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

युरोपीय संघानं २०२३ मध्ये एक कायदा केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन, पामतेल, लाकूड, कॉफी, कोको, रबर आणि गोमांस तिथे विकता येणार नाही. मालाबरोबर शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आहे. कापूस त्या यादीत नाही, हे वऱ्हाडचा इतिहास पाहता मला जरा खटकतं. एवढं मात्र खरं, की उद्या पुसदच्या सोयाबीनची ढेप जर्मनीला जायची असेल तर ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर अतिक्रमण करून पेरलेलं वावर कुठलं आणि सातबाऱ्यावरचं कुठलं, हे कुणाला तरी दाखवावं लागेल. खरेदीदार विचारतो म्हणून. जगातला सर्वांत मोठा पामतेल खरेदीदार आपण आहोत, आणि आपल्या आयातीच्या कागदांत सुमात्रातल्या बागेला असा प्रश्न विचारणारा रकाना अजून नाही.