उपनगरातून उमटलेला स्वर : गायिका-गीतकार लॉर्ड हिची जडणघडण व प्रेरणास्थाने

१. प्रस्तावना

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या नियतकालिकाच्या 'हॉट १००' गीतक्रमवारीत 'रॉयल्स' हे गीत प्रथम स्थानी आले आणि सलग नऊ आठवडे तेथेच राहिले. ते लिहिणारी व गाणारी मुलगी न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका उपनगरात राहत होती आणि तिचे वय त्या वेळी सोळा वर्षांचे होते. अशा यशाचे वर्णन 'एका रात्रीत लाभलेली कीर्ती' या शब्दांत करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे वर्णन सोयीचे असले तरी अपुरे आहे. या गीतामागे वाचनाने भरलेले घर, कित्येक वर्षांची पूर्वतयारी आणि केंद्रापासून दूर असण्याची तीव्र जाणीव उभी आहे. या तीन घटकांच्या आधारे लॉर्ड या गायिकेच्या कारकिर्दीचा व प्रेरणांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

आरंभी दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. 'गायक-गीतकार' म्हणजे स्वतःचे शब्द व चाल स्वतः रचून स्वतःच गाणारा कलावंत. आपल्याकडील शाहिराची भूमिका लक्षात घेतल्यास ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. 'आल्टरनेटिव्ह पॉप' किंवा पर्यायी पॉप हा लोकप्रिय संगीतातील असा प्रवाह आहे की, जो श्रोत्याला चटकन धरून ठेवणारी चाल तर स्वीकारतो, परंतु प्रचलित वाद्यमेळ, ठरावीक विषय आणि झगमगाट यांपासून अंतर राखतो. लॉर्डचे सुरुवातीचे लेखन या प्रवाहाचे ठळक उदाहरण मानता येईल.

२. घर, परिसर आणि वाचन

लॉर्डचे मूळ नाव एला मारिया लानी येलिच-ओ'कॉनर. जन्म ७ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑकलंडमधील टाकापुना येथे झाला. बालपण जवळच्याच डेव्हनपोर्ट या उपनगरात गेले. वायतेमाता बंदराच्या उत्तर तीरावरील या वस्तीतून शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी फेरीबोट मिळते. शहर समोर दिसते, पण मध्ये पाणी आहे. हे अंतर तिच्या गीतांत पुढे वारंवार जाणवते.

वडील व्हिक ओ'कॉनर स्थापत्य अभियंता, तर आई सोन्या येलिच या क्रोएशियन वंशाच्या कवयित्री. चार भावंडांत एला दुसरी. घरात पुस्तकांना मुक्त प्रवेश होता आणि वयाला 'योग्य' पुस्तक कोणते, याची फारशी चिकित्सा होत नसे. शालेय वयात ती वक्तृत्वस्पर्धांत भाग घेई. २००९ मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या साहित्यविषयक प्रश्नमंजूषेच्या जागतिक अंतिम फेरीत तिच्या शाळेचा संघ दुसरा आला होता. आईच्या पदव्युत्तर प्रबंधाचे मुद्रितशोधन आपण चौदाव्या वर्षी केले होते, असेही तिने मुलाखतींत सांगितले आहे.

ही माहिती केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवावयाची नाही. गीतलेखनावरील प्रभावांविषयी बोलताना लॉर्डने गायकांइतकाच कथाकारांचा उल्लेख केला आहे. रेमंड कार्व्हर व टोबायस वुल्फ हे अमेरिकन कथाकार त्यांत प्रामुख्याने येतात. मोजक्या शब्दांत प्रसंग उभा करणे, भावना सांगण्याऐवजी एखादी वस्तू किंवा कृती दाखवून थांबणे, हे या कथाकारांचे वैशिष्ट्य. लॉर्डच्या आरंभीच्या गीतांतही प्रेमाची घोषणा क्वचित आढळते. आढळतात ते टेनिस कोर्ट, बसचा प्रवास, मित्रांची घरे आणि रात्री उशिरापर्यंत जागणारी मुले. लघुकथेचा संस्कार गीतरचनेत कसा उतरतो, याचा हा अभ्यासनीय नमुना आहे.

सांगीतिक संस्कारांची बाजूही तितकीच संमिश्र आहे. एटा जेम्स व ओटिस रेडिंग यांचे सोल संगीत आणि आईवडिलांच्या संग्रहातील नील यंग, फ्लीटवुड मॅक यांची गीते एकीकडे, तर जेम्स ब्लेक आणि बरियल यांचे विरळ, नीरवतेचा उपयोग करणारे इलेक्ट्रॉनिक संगीत दुसरीकडे. पहिल्या गटाकडून तिने गळ्यातील ठेवण घेतली आणि दुसऱ्याकडून रिकाम्या जागेचे मोल, असे म्हणता येईल.

३. करार आणि प्रतीक्षा

२००९ मध्ये शाळेच्या कलागुणदर्शन स्पर्धेत तिने एका मित्रासह गायन केले. त्या जोडीचे ध्वनिमुद्रण युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीच्या न्यूझीलंड शाखेतील अधिकारी स्कॉट मॅकलॅक्लन यांच्यापर्यंत पोहोचले. त्यातून कंपनीने तिच्याशी विकास-करार केला. अशा करारात ध्वनिमुद्रिका तत्काळ काढण्यापेक्षा कलावंताची घडण होऊ देण्यावर भर असतो. जुन्या सोल गीतांचे पुनर्गायन करावे, असा विचार प्रारंभी पुढे आला होता. परंतु तिला स्वतःचे लेखन करावयाचे होते. गायनाचे शिक्षण सुरू झाले. निरनिराळ्या गीतकारांबरोबर काम करून पाहण्यात आले, पण सूर जुळले नाहीत. अखेर २०११ च्या अखेरीस ऑकलंडमधील संगीतकार-निर्माते जोएल लिटल यांच्याशी तिची गाठ घालून देण्यात आली.

स्पर्धेपासून या भेटीपर्यंत सुमारे अडीच वर्षे गेली, आणि पहिली गीते लोकांसमोर येण्यास आणखी एक वर्ष लागले. या काळात ती टाकापुना ग्रामर स्कूलमध्ये शिकत होती आणि ध्वनिमुद्रणाचे बरेचसे काम शाळेच्या सुट्यांत होत असे. 'एका रात्रीत' या शब्दप्रयोगाचा फोलपणा येथे स्पष्ट होतो. प्रतिभा अल्पवयात प्रकट झाली हे खरे. परंतु तिला वेळ देणारी व्यवस्था आणि चुकांना वाव देणारा सहकारी लाभला, हेही तितकेच खरे.

'लॉर्ड' हे नावही याच काळात निवडले गेले. राजघराणी व उमराव यांच्याविषयी तिला कुतूहल होते. 'लॉर्ड' हा शब्द मात्र पुरुषवाचक. म्हणून त्याच्या इंग्रजी लेखनात शेवटी एक अनुच्चारित अक्षर जोडून तिने त्याला स्त्रीरूप दिले. उच्चार तोच राहिला, अर्थ बदलला.

४. 'रॉयल्स' : रचना आणि आक्षेप

नोव्हेंबर २०१२ मध्ये 'द लव्ह क्लब' हा पाच गीतांचा संच साउंडक्लाउड या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवण्यात आला. प्रतिसाद पाहून मार्च २०१३ मध्ये कंपनीने तो विक्रीस आणला. त्यातील 'रॉयल्स' हे गीत तिने २०१२ च्या मध्यास शाळेच्या सुटीत घरी सुमारे अर्ध्या तासात लिहिले आणि लिटल यांच्या ध्वनिमुद्रणगृहात आठवडाभरात ते पूर्ण झाले. शीर्षकाचे बीज एका छायाचित्रात होते. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या १९७६ मधील एका अंकात कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाचा खेळाडू जॉर्ज ब्रेट चेंडूंवर स्वाक्षऱ्या करताना दिसतो. त्याच्या पोशाखावरील शब्द तिच्या मनात राहिला.

गीताचा वाद्यमेळ अत्यंत विरळ आहे : चुटक्यांचा ताल, ढोलाचा ठोका, खर्जातील बेस आणि एकाच कंठाचे एकमेकांवर रचलेले थर. आशयही रचनेशी सुसंगत आहे. महागडी मद्ये, उंची मोटारी, अलंकार यांनी भरलेली गाणी ऐकणाऱ्या, पण त्या वैभवाशी काहीही संबंध नसलेल्या मुलांचे ते मनोगत आहे. ज्या संगीताविषयी ती बोलत होती, त्या हिप-हॉपची आणि लाना डेल रे हिच्या गीतांची ती स्वतः चाहती होती. त्यामुळे गीतात उपरोध असला तरी तो श्रोत्याच्या बाकावरून आलेला आहे.

तथापि, या गीतावर २०१३ मध्येच एक गंभीर आक्षेप घेण्यात आला. उपरोधासाठी निवडलेली वैभवचिन्हे प्रामुख्याने कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताशी निगडित आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेल्या समाजासाठी संपत्तीचे प्रदर्शन हा प्रतिष्ठेचा दावाही असतो, आणि एका गोऱ्या मध्यमवर्गीय मुलीने त्याची खिल्ली उडवणे निष्पाप नाही, असा त्याचा आशय होता. हा आक्षेप फेटाळून लावण्याजोगा नाही. त्याच वेळी, अमेरिकन वैभवाच्या प्रतिमा जगाच्या दुसऱ्या टोकावरील उपनगरात पोहोचतात तेव्हा त्यांचे संदर्भ गळून पडतात आणि उरतो केवळ चकाकता पृष्ठभाग, हेही ध्यानात घ्यावे लागते. गीत त्या पृष्ठभागाला उत्तर देते. त्यामागील इतिहासाची त्याला जाणीव नाही. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत.

सप्टेंबर २०१३ मध्ये 'प्युअर हिरोइन' हा पहिला संपूर्ण संग्रह आला. जानेवारी २०१४ मध्ये 'रॉयल्स'ला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांपैकी 'साँग ऑफ द इयर' हा पुरस्कार गीतलेखनासाठी दिला जातो, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

५. पुढील वाटचाल : स्थळांचे बदलते संदर्भ

कीर्ती मिळाल्यानंतर परिघावरच्या जाणिवेचे काय होते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१७ मधील 'मेलोड्रामा' या संग्रहासाठी तिने न्यूयॉर्कमध्ये निर्माते जॅक अँटोनॉफ यांच्यासह काम केले. प्रेमभंगानंतरच्या एकाकीपणाला घरगुती मेजवानीच्या एका रात्रीची चौकट देण्यात आली. लॉर्डला ध्वनी रंगरूपाने जाणवतात. 'टेनिस कोर्ट' हे पूर्वीचे गीत आरंभी एका अप्रिय तपकिरी छटेचे वाटत होते आणि मधला भाग सापडताच ते हिरवे झाले, असे तिने सांगितले आहे. या संग्रहातील 'ग्रीन लाइट'ची रचना गीतलेखनाच्या रूढ नियमांत बसत नाही, असे स्वीडिश निर्माते मॅक्स मार्टिन यांनी तिला सांगितले होते. ती निंदा नसून निरीक्षण होते, असे तिचे मत. गीत तसेच ठेवले गेले. २०१८ च्या ग्रॅमीसाठी वर्षातील सर्वोत्तम संग्रहाच्या गटात नामांकन मिळालेली ती एकमेव स्त्री होती.

२०१९ च्या आरंभी तिने अंटार्क्टिकाचा प्रवास केला. त्या अनुभवावर 'गोइंग साउथ' हे पुस्तक झाले आणि २०२१ मधील 'सोलर पॉवर' या निसर्गकेंद्री संग्रहालाही त्यातून चालना मिळाली. याच संग्रहातील पाच गीते माओरी भाषेत गाऊन तिने सप्टेंबर २०२१ मध्ये 'ते आओ मारामा' हा संच प्रसिद्ध केला. या नावाचा अर्थ 'प्रकाशाचे जग'. माओरीला न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून राजभाषेचा दर्जा आहे. परंतु दर्जा आणि दैनंदिन वापर यांतील तफावत मराठीच्या अध्यापकांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. भाषांतरे हाना मेरेराइहा, टिमोटी कारेतू व हेमी केली या माओरी जाणकारांनी केली आणि गायिका हिनेवेही मोही यांनी मार्गदर्शन केले. १९९९ च्या विश्वचषक रग्बी स्पर्धेत राष्ट्रगीत माओरीत गाऊन टीका ओढवून घेणाऱ्या त्याच या मोही. लॉर्डच्या उपक्रमावरही मतभेद झाले. काहींना तो भाषेचा सन्मान वाटला, तर माओरी नसलेल्या प्रसिद्ध गायिकेकडेच लक्ष वेधले जाते, अशी खंत इतरांनी व्यक्त केली. उत्पन्न मात्र न्यूझीलंडमधील धर्मादाय संस्थांना देण्यात आले. 'रॉयल्स'च्या वेळी दुसऱ्याच्या संस्कृतीचा संदर्भ अजाणता आला होता. येथे तो जाणकारांना विचारून आला. हा बदल नोंदविण्याजोगा आहे.

जून २०२५ मध्ये 'व्हर्जिन' हा चौथा संग्रह आला. त्यात शरीर, लिंगभाव आणि आईशी असलेले नाते यांचा अधिक उघड शोध आहे. ज्या घरातून लेखनाची सुरुवात झाली, त्या घराकडे ती पुन्हा, वेगळ्या वयात, पाहते आहे.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लॉर्डच्या गीतलेखनाचे मूळ केवळ संगीतात नसून कथा-कवितेच्या वाचनात आहे. दुसरी, केंद्रापासूनचे अंतर ही तिच्या लेखनात उणीव न राहता दृष्टिकोन बनली. मात्र त्या दृष्टिकोनाचे आंधळे कोपरेही होते. तिसरी, तिची अल्पवयीन प्रतिभा दिसली ती अनेकांच्या सबुरीमुळे.

अध्यापकांच्या दृष्टीने यातील तिसरी गोष्ट विशेष चिंतनीय आहे. सुटीत गाणी लिहून वर्गात परतणारी मुलगी प्रत्येक पिढीत असते. तिच्या हाती कोणती पुस्तके आहेत आणि तिला वेळ कोण देते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.