हिरवा रंग दिसला म्हणून फसू नका

परवा वाशीमला कीटकनाशकाचा डबा न्याहाळत एक काका म्हणाले, "सायेब, हिरवा हाये, म्हंजे साजरं औषध!"

हसू आले, पण चूक त्यांची नव्हे. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शाकाहारी, बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित. तेच रंग विषावरही छापलेले!

डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, तर विष सर्वांत जहाल. मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवे सौम्य खरे, पण विषच. कवटी फक्त लालावर असते, म्हणून पोरे बाकीच्यांना भीत नाहीत.

शेजारच्या यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसे दगावली. घरात तेला-पाण्याला असा डबा वापरत असाल, तर आजच फोडा.