वारा अडवायचा की गाळायचा?

जळगावच्या केळीबागांभोवती शेवरी किंवा गजराज गवताची रांग दिसते. हा वारारोधक (वाऱ्याचा वेग मोडण्यासाठी लावलेला झाडांचा पट्टा). रांग जितकी दाट तितकी बाग सुरक्षित, असा समज सर्वत्र आहे. तो स्वाभाविक आहे, पण वारा तसा वागत नाही.

ओढ्यात मोठा दगड असला की पाणी त्याच्यावरून उसळते आणि मागे भोवरा धरते. गवतातून जाताना तेच पाणी नुसते मंदावते. अगदी गच्च रांग वाऱ्यापुढे दगडासारखी उभी राहते. वारा वरून उडी मारतो आणि थोड्याच अंतरावर खळबळत खाली येतो. म्हणजे पाने फाटायची ती फाटतातच. सच्छिद्रता (रांगेतील मोकळ्या जागेचे प्रमाण) साधारण ४० ते ५० टक्के असेल, तर थोडा वारा आरपार जातो, वरून येणाऱ्या झोताला उचलून धरतो आणि आडोसा लांबवर टिकतो. झाडांच्या उंचीच्या १० ते १५ पट अंतरापर्यंत वेग घटलेला जाणवतो. पाच मीटर उंचीची रांग असेल, तर ५० ते ७५ मीटर. रांगेच्या अलीकडेही थोडा फायदा मिळतोच.

झाडे स्वतःही स्थिर नसतात. जोराच्या वाऱ्यात पाने मिटतात, फांद्या वाकतात आणि झाडावरचा ताण ताठ अडथळ्यावर वाढेल तितका वाढत नाही.

मोकळी जागा मात्र रांगभर विखुरलेली हवी. एखादे झाड मरून मोठे खिंडार पडले, तर तिथून वारा उघड्या शेतापेक्षाही वेगाने घुसतो. ते आधी भरावे.