अथेन्सचा मुलगा, मेलबर्नचा प्रशिक्षक

अँज पोस्टेकोग्लू यांचा जन्म २७ ऑगस्ट १९६५ रोजी ग्रीसमधल्या अथेन्सच्या निआ फिलाडेल्फिया या उपनगरात झाला. १९६७ मध्ये ग्रीसची सत्ता लष्कराने बळकावली, वडिलांचा धंदा बुडाला आणि १९७० मध्ये हे कुटुंब बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले. अँज तेव्हा पाच वर्षांचे होते. मेलबर्नमध्ये वडील दिवसभर राबत. बापलेकांना निवांतपणे एकमेकांच्या वाट्याला यायला मिळे ते फुटबॉलच्या मैदानावर.

ते मैदान ‘साउथ मेलबर्न हेलास’ या क्लबचे. ऑस्ट्रेलियात फुटबॉल त्या काळी परक्यांचा खेळ समजला जाई. तिथल्या जुन्या रहिवाशांना क्रिकेट आणि ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा तिथलाच खेळ प्रिय. फुटबॉलचे क्लब ग्रीक, इटालियन, क्रोएशियन स्थलांतरितांनी काढलेले. हेलास ग्रीकांनी १९५९ मध्ये स्थापन केला. आठवडाभर मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिवस काढणाऱ्यांना तिथे दोन घटका आपल्या भाषेत बोलता येई. क्लब कसला, मंडळच ते! नऊ वर्षांचे अँज तिथे खेळू लागले, पुढे त्याच संघाचे लेफ्ट बॅक झाले आणि कर्णधारही. राष्ट्रीय संघाकडून मात्र त्यांना चारच सामने खेळायला मिळाले.

१९८९ मध्ये या क्लबला प्रशिक्षक लाभले ते साक्षात फेरेन्क पुश्काश. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीला पारखे झालेले, रेआल माद्रिदकडून गाजलेले हे खेळाडू. त्यांचे इंग्रजी जेमतेम. पण पूर्वी अथेन्सच्या पनाथिनाइकोस संघाला शिकवल्यामुळे ग्रीक येत होते. त्यामुळे कर्णधार हाच त्यांचा दुभाषा आणि ड्रायव्हरही झाला. अँज आपल्या गाडीतून त्यांना मैदानावर नेत-आणत आणि वाटेत ग्रीकमध्ये फुटबॉलच्या गप्पा चालत. पुश्काश यांचे सूत्र साधे होते: दोन्ही बाजूंनी विंगर धावते ठेवा, समोरच्याने चार गोल केले तर आपण पाच करू. १९९१ मध्ये पेनल्टी शूटआउटवर संघ राष्ट्रीय विजेता ठरला. पोस्टेकोग्लू यांच्या पुढच्या प्रत्येक संघात या गाडीतल्या शिकवणीच्या खुणा दिसतात.

गुडघ्याच्या दुखापतीने १९९३ मध्ये खेळ थांबला. १९९६ मध्ये ते त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले आणि लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. ऑस्ट्रेलियाच्या युवा संघांबरोबरची पुढची सात वर्षे मात्र कडू संपली: २००७ च्या २० वर्षांखालील विश्वचषकाला संघ पात्र ठरला नाही आणि त्यांचे पद गेले. त्यानंतर काही काळ तर त्यांना धड काम मिळेना. २००९ मध्ये ब्रिस्बेन रोअरने विश्वास टाकला. या संघाने सलग ३६ लीग सामने न हरण्याचा विक्रम केला आणि २०११ व २०१२ मध्ये विजेतेपद पटकावले.

२०१३ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०१४ च्या विश्वचषकात तिन्ही सामने हरले, पण जानेवारी २०१५ मध्ये सिडनीत दक्षिण कोरियाला जादा वेळेत २-१ असे नमवून ऑस्ट्रेलियाने प्रथमच आशियाई चषक जिंकला. जपानमध्ये योकोहामा एफ. मारिनोसला त्यांनी २०१९ मध्ये पंधरा वर्षांनी लीग जिंकून दिली. मग स्कॉटलंडच्या सेल्टिककडे दोन हंगामांत देशांतर्गत सहापैकी पाच चषक.

२०२३ मध्ये टॉटनहॅमने बोलावले, तेव्हा ते इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले पहिले ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक ठरले. वय सत्तावन्न. एवढी वाट पाहावी लागली यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे युरोप कसे पाहतो, याचा वाटा मोठा. दुसऱ्या वर्षी आपण नेहमी काहीतरी जिंकतो, असे त्यांनी सांगितल्यावर इंग्लिश पत्रकारांनी टिंगल केली, आणि लीगमध्ये ती टिंगल खरी ठरत गेली: २२ पराभव, वीस संघांत सतरावा क्रमांक. बचाव उघडा टाकून चढाई करण्याच्या हट्टाची ही किंमत होती. तरीही २१ मे २०२५ रोजी बिलबाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून संघाने युरोपा लीग जिंकली. गंमत म्हणजे या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने बहुतेक वेळ बचावच केला. सतरा वर्षांनंतर क्लबला मिळालेला हा पहिला चषक. सोळा दिवसांनी क्लबने त्यांना काढले. सप्टेंबरमध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले. तिथे आठ सामन्यांत एकही विजय मिळाला नाही आणि ३९ व्या दिवशी तेही पद गेले.