मानेतले चार दाणे आणि व्यालेली गाय

तोडणी सुरू झाली की गोठ्यात वाढ्यांची रेलचेल होते. याच दिवसांत एखादी भरपूर दुधाची संकरित गाय व्याते, बादली भरून चीक देते आणि दुसऱ्या दिवशी बसते ती उठतच नाही. कान गार, मान पोटाकडे वळवलेली, रवंथ बंद. घरातले म्हणतात, दृष्ट लागली. पशुवैद्य म्हणतात, दुग्धज्वर. नावात ज्वर आहे खरा, पण अंगात ताप नसतो; उलट अंग थंड पडते.

याचे मूळ मानेत आहे. माणसाच्या गळ्यात अवटु ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटु ग्रंथी असतात. गाई-म्हशींनाही त्या असतात. गंमत अशी की, या ग्रंथी प्रथम दिसल्या त्या आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांनी 1850 च्या सुमारास त्यांची नोंद केली. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी 1880 साली प्रसिद्ध केले, पण तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

या ग्रंथींचे काम पाटकऱ्याचे. रक्तातले कॅल्शियम जरा उतरले की त्या आपला रस सोडतात. मग हाडांच्या कोठारातून कॅल्शियम निघते, मूत्रपिंड ते लघवीवाटे जाऊ देत नाही आणि ड जीवनसत्त्वाला जाग येऊन आतडे चाऱ्यातले जास्त कॅल्शियम ओढते. शरीरातले शंभरातले नव्व्याण्णव भाग कॅल्शियम हाडा-दातांत असते. रक्तात असते ते थोडेसेच, पण स्नायू आणि हृदय चालते ते त्याच्यावर.

आता हिशेब बघा. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरते, आणि एक लिटर चिकात 2 ग्रॅमच्या आसपास जाते. दहा लिटर चीक काढला तर वीस ग्रॅम गेले! पाटकरी जागा असला तरी कोठार उघडून पाणी वाहते व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात गाय बसते. तिसऱ्या वेतापुढच्या गाईंना धोका जास्त. भाकड काळात कॅल्शियमचा मारा केला तर या ग्रंथी आणखी सुस्तावतात. म्हणून विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत "ताकद येईल" म्हणून कॅल्शियम पाजू नये. व्याल्यावर मात्र द्यावे.

वाढ्यांचे वेगळेच आहे. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर महिनोन्‌महिने ठेवलेले दुभते जनावर झिजते. दुसरी वैरण आणि खनिज मिश्रण सोबत हवेच.

गाय बसली तर एका कुशीवर पडू देऊ नका, गवताचा आधार देऊन छातीवर बसवा. तोंडाने काढा, तेल काही पाजू नका. तिला गिळता येत नसते, ते फुप्फुसात जाते. कॅल्शियमची बाटली शिरेतून पशुवैद्यानेच, सावकाश द्यायची. घाईने दिली तर हृदय थांबते. वेळेवर दिली तर गाय बऱ्याचदा तास-दोन तासांत उभी राहते.

माणसात उलटे जास्त दिसते. एखादी ग्रंथी वाढून बेताल रस सोडते, हाडे पोकळ होतात, रक्तात कॅल्शियम चढते. ज्यांना मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, त्यांनी खडा काढून गप्प न बसता रक्तातले कॅल्शियम एकदा तपासायला डॉक्टरांना सांगावे.