चित्र नसलेली नोंद

आदित्य-एल1 प्रभामंडल कक्षेत स्थिरावल्याचा वर्षदिन, 6 जानेवारी, जवळ आला की पुण्याच्या ‘आयुका’ने घडविलेल्या ‘सूट’ दुर्बिणीने टिपलेली सूर्यबिंबे वृत्तपत्रांतून झळकतात, आणि त्यांचा अभिमान मराठी वाचकास वाटावा हे यथायोग्यच आहे. परंतु त्याच यानावर तिरुवनंतपुरमच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेने सिद्ध केलेले ‘पापा’ नावाचे जे उपकरण आहे, आणि त्यातील ‘स्वीप’ हा जो भाग सौरवाऱ्यातील इलेक्ट्रॉन मोजतो, त्याच्याविषयी क्वचितच कोणी लिहितो, कारण त्याच्यापाशी चित्र नाही, केवळ आकडे आहेत.

हे मोजमाप मोठे कठीण आहे. प्रोटॉन सूर्याकडून सेकंदास सुमारे 400 किलोमीटर वेगाने एकाच रोखाने येतात. इलेक्ट्रॉन मात्र प्रोटॉनाच्या 1836 व्या हिश्शाइतका हलका, त्याचा उष्णताजन्य वेग वाऱ्याच्या वेगाहून कितीतरी अधिक, म्हणून तो दाही दिशांनी येतो. अशा उपकरणांत बहुधा वाटीत वाटी बसवावी तसे दोन अर्धगोल असतात व त्यांच्यामध्ये अरुंद फट असते. आतल्या वाटीस धन विद्युद्दाब दिला की नेमक्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन तेवढा ते वळण पार करतो, अधिक वेगवान तो बाहेरच्या भिंतीवर आदळतो, मंद तो आतल्या. पुढे सूक्ष्म काचनलिकांच्या तबकडीत तो एकटा शिरला की लाखोंचा लोंढा बाहेर पडतो, आणि दफ्तरी एक नोंद होते. दाब पायरीपायरीने बदलत ‘स्वीप’ 10 ते 3000 इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा मुलूख तपासतो.

खरी कसोटी पुढेच आहे. सूर्यप्रकाशाच्या आघाताने यानाच्याच पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडतात, यान काही व्होल्टांनी धनभारित होते, आणि त्या ओढीने तेच घरचे इलेक्ट्रॉन परत फिरून पाहुण्यांत मिसळतात. त्यांची वजावट केल्यावाचून कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब ग्राह्य धरता येत नाही. युरोपच्या सोलर ऑर्बिटरवर ब्रिटनच्या मुलार्ड प्रयोगशाळेचे संवेदक लांब दांड्याच्या टोकाशी, यानाच्या छायेत बसविले आहेत, ते याच जाणिवेने.

एवढा खटाटोप कशासाठी, तर अधिक ऊर्जेचे काही इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषा धरून सूर्यापासून धावत येतात, आणि त्यांचा झोत एकाच वेळी दोन्ही बाजूंनी येऊ लागला, तर त्या रेषेची दोन्ही टोके अद्याप सूर्यात रुजलेली आहेत, म्हणजे सूर्याने फेकलेला मेघ यानावरून जात आहे, असा तो सबळ दाखला असतो. 15 डिसेंबर 2023 रोजी सौर उद्रेकाचा परिणाम ‘पापा’ने टिपला, तेव्हा यान कक्षेत पोहोचलेलेही नव्हते.

आदित्यची विदा जानेवारी 2025 पासून सर्वांस खुली आहे. आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ‘सूट’ची छायाचित्रे अवश्य पाहावीत, आणि त्यानंतर ‘पापा’च्या आकड्यांकडेही वळावे.