घसा खवखवतो आहे. निकाल येईपर्यंत काय करावे?

थोडा वेळ आपण २०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनला जाऊ या. समजा, तुम्ही तेथील एका शाळेत विज्ञान शिकवता. सकाळी जाग येते तेव्हा घसा खवखवत असतो, डोके किंचित जड वाटते. ताप नाही, खोकला नाही, चहाचा वासही नेहमीसारखा येतो आहे. एरवी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून तुम्ही सरळ शाळेची वाट धरली असती. पण करोनाची साथ चालू आहे. रोजच्याप्रमाणे तुम्ही मोबाइलवरील एका ॲपमध्ये आपल्या प्रकृतीची नोंद करता आणि काही वेळाने तुम्हाला कोविडची चाचणी करून घेण्याचे आमंत्रण येते. निकाल हाती यायला एक-दोन दिवस लागतील. इकडे दहा वाजता वर्गात तास आहे आणि रविवारी ऐंशी वर्षांच्या आईकडे जेवायला जायचे कबूल केले आहे.

आता तुम्ही काय कराल? निकाल येईपर्यंत घरात थांबाल, की शाळेत जाल?

हा प्रश्न त्या काळी ब्रिटनमध्ये पुष्कळांना पडला. त्याचे उत्तर शोधताना थोडे जीवशास्त्र लागते, थोडे गणित लागते आणि शेवटी थोडा विवेकही लागतो. तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

आमंत्रण कोठून आले?

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक टिम स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'झोई' या कंपनीच्या साहाय्याने २४ मार्च २०२० रोजी एक ॲप सुरू केले. त्यात लोकांनी रोज आपली प्रकृती नोंदवायची होती. बरे वाटत असले तरीही. लाखो लोकांनी हे काम मनापासून केले. अशा २६ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी होऊन लागण झाल्याचे आढळलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांनी वास किंवा चव गेल्याचे कळवले होते. चाचणीत लागण न आढळलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. त्याच महिन्यात, १८ मे रोजी, ब्रिटनने वास व चव जाणे हे लक्षण अधिकृत यादीत घातले.

मात्र यादी तयार झाली म्हणून शोध संपत नाही. यादीबाहेरच्या सौम्य लक्षणांमागेही हा विषाणू असतो का, हे कळायचे तर तशी लक्षणे असणाऱ्यांचीही चाचणी केली पाहिजे. म्हणून ॲपमध्ये नव्याने बरे नसल्याची नोंद करणाऱ्या काहींना चाचणीचे आमंत्रण जाई. मासे धरणारा कोळी बारीक विणीचे जाळे टाकतो, तेव्हा त्यात मासळीबरोबर पुष्कळ शेवाळही येते हे त्याला ठाऊक असते. तसेच हे होते. आमंत्रण आले म्हणजे लागण झालीच असा त्याचा अर्थ नव्हता. 'शंका घेण्यास जागा आहे', एवढाच त्याचा अर्थ होता.

नियम काय सांगत होता?

ताप, नव्याने सुरू झालेला सततचा खोकला, आणि वास किंवा चव जाणे किंवा बदलणे, या तीनपैकी एक जरी लक्षण दिसले तरी घरात थांबा व चाचणी करा, असे सरकारी मार्गदर्शन होते. इंग्लंडमध्ये २८ सप्टेंबर २०२० पासून कायदाही आला. चाचणीत लागण आढळलेल्यांनी आणि संपर्क शोधणाऱ्या यंत्रणेने सांगितलेल्यांनी विलगीकरणात राहणे सक्तीचे झाले. मोडणाऱ्यास १,००० पौंडांपासून दंड होता. पुन्हा पुन्हा किंवा गंभीर उल्लंघन झाल्यास तो १०,००० पौंडांपर्यंत जाई.

आता आपल्या शिक्षकाकडे पाहा. त्याला तीनपैकी एकही लक्षण नाही. त्याची चाचणीही अजून झालेली नाही. म्हणजे कायद्याने तो मोकळा आहे! मग प्रश्न उरतोच कोठे?

तो उरतो, कारण नियम ही हजारो प्रसंगांसाठी एकदाच आखलेली रेघ असते. ती कोठे तरी आखावीच लागते. पण विषाणूला ती रेघ दिसत नाही. तो आपल्याच घड्याळाप्रमाणे चालतो. ते घड्याळ कसे चालते, हे आता पाहू.

विषाणूचे घड्याळ

करोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्या काळी सरासरी पाच दिवस जात. गोवरासारख्या परिचित रोगातही माणूस पुरळ उठण्याआधीच रोग पसरवू लागतो. करोनाचेही तसेच आहे. चीनमधील ग्वांगजौ येथील रुग्णांच्या नोंदी आणि एकमेकांपासून लागण झालेल्या रुग्णांच्या जोड्या अभ्यासून एप्रिल २०२० मध्ये संशोधकांनी अनुमान काढले, की एकाकडून दुसऱ्याला होणाऱ्या लागणीपैकी सुमारे ४४ टक्के लागण पहिल्याला लक्षणे दिसण्यापूर्वीच झालेली असते. रोग पसरवण्याची शक्ती लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि नंतरच्या आठवड्यात ती झपाट्याने उतरते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या दिवशी घसा खवखवू लागतो, तो दिवस रोगाचा 'पहिला' दिवस नसतो. लागण झालेलीच असेल, तर तो दिवस इतरांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या दिवसांपैकी एक असतो. निकालाची वाट पाहण्याचे एक-दोन दिवस नेमके याच काळात येतात. निकाल आल्यावर काळजी घेऊ, असे जो म्हणतो, तो पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडतो.

चाचणी कशी होते आणि कोठे चुकते?

नाकातून व घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. या विषाणूचे जनुकीय द्रव्य आर.एन.ए.चे असते. प्रयोगशाळेत त्याच्यापासून प्रथम डी.एन.ए. तयार करतात आणि मग त्यातील ठराविक तुकड्याच्या प्रती वाढवत नेतात. प्रत्येक फेरीत प्रती जवळजवळ दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा तीस फेऱ्या पूर्ण झाल्या तर एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतील. (२ चा ३० वा घात काढून पाहा!) हीच पी.सी.आर. पद्धत. ती शोधणाऱ्या कॅरी मुलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इतकी संवेदनशील पद्धत चुकेल कशी? नमुन्यात विषाणू आलाच नाही तर काय वाढवणार? शून्याची दुप्पट शून्यच. काडी नीट फिरली नाही, किंवा त्या वेळी त्या जागी विषाणू थोडाच असला, तर लागण असूनही निकाल 'नाही' असा येतो. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी सात अभ्यासांतील माहिती एकत्र केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे लक्षणे सुरू झाली त्या दिवशी असे चुकीचे 'नाही' सुमारे ३८ टक्के असते, तर त्यानंतर तीन दिवसांनी ते २० टक्क्यांवर येते. म्हणजे 'नाही' या निकालाने शंका पुष्कळ कमी होते, पण पुसली जात नाही.

हजार माणसांचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत.

समजा, सौम्य लक्षणांमुळे १,००० माणसांना चाचणीचे आमंत्रण गेले आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर लागण झाली आहे. म्हणजे चाचणीपूर्वी प्रत्येकाच्या बाबतीत शंका वीसात एक. समजा, चाचणी लागण झालेल्या पाचांपैकी एकाला चुकवते. मग ५० पैकी ४० जण सापडतील आणि १० निसटतील. निरोगी ९५० जणांचा निकाल 'नाही' येईल. (निरोगी माणसाला चुकून 'हो' येणे फार विरळ असल्याने ते आपण सोडून देऊ.) 'नाही' निकाल आलेले एकूण ९६०, त्यांत लागण झालेले १०. म्हणजे वीसात एक ही शंका आता शहाण्णवांत एक एवढी उतरली.

निकालापूर्वी सर्वांनी दोन दिवस घरात थांबायचे ठरवले, तर ९५० माणसांचे मिळून १,९०० दिवस विनाकारण गेले असे दिसेल. दुसऱ्या बाजूला ५० माणसांचे अत्यंत संसर्गजन्य असे १०० दिवस चार भिंतींच्या आत राहिले. ते ५० जण बाहेर फिरले असते आणि प्रत्येकाने त्या दोन दिवसांत केवळ एकाला लागण दिली असती, तरी ५० नवे रुग्ण झाले असते. आणि साखळी तेथे थांबली नसती.

आता सांगा, १,९०० जड की १००? नुसते आकडे पाहिले तर पहिला मोठा आहे. पण हे दिवस एकाच तराजूत घालता येतील का? घरात थांबलेल्याचा दिवस वाया जातो. तो नंतर भरून काढता येतो. लागण झालेल्या वृद्धाचा प्राण गेला तर तो भरून काढता येत नाही. इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या जून २०२० मधील अहवालानुसार, लागण आढळलेल्यांमध्ये ८० वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या मृत्यूची शक्यता चाळिशीच्या आतील व्यक्तींच्या सत्तर पट होती. आपल्या शिक्षकाचा आजार सौम्य आहे हे खरे. परंतु त्याच्याकडून जो विषाणू आईकडे जाईल, तो 'सौम्य' असा शिक्का घेऊन जात नाही.

मग काय करावे?

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. घरी थांबणे सर्वांना सारखे सोपे नसते. पगारी शिक्षकाचे दोन दिवस निभावतात. रोजच्या कामावर पोट असणाऱ्याची चूल त्या दोन दिवसांत विझू शकते. इंग्लंडमध्ये कायद्याबरोबर कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ५०० पौंडांची मदत सुरू झाली, ती यासाठीच. पण ती सक्तीने विलगीकरणात गेलेल्यांसाठी होती. नुसत्या शंकेवरून थांबणाऱ्याला तिचा आधार नव्हता. समाजाच्या रक्षणासाठी आपण एखाद्याला घरी थांबवतो, तर त्याचा भार समाजानेही उचलला पाहिजे. तसे न करता त्याला दोष देणे न्यायाचे नाही.

दुसरे असे, की घरात कोंडून घेणे आणि नेहमीसारखे वावरणे यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. कामावर जाणे अगदीच अटळ असेल, तर मुखपट्टी लावावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एकत्र जेवणे टाळावे, आणि वृद्ध व आजारी माणसांच्या जवळ तर मुळीच जाऊ नये.

आपल्या शिक्षकाला मात्र थांबणे शक्य आहे. त्याने शाळेत दूरध्वनी करावा, मुलांना घरून अभ्यास पाठवावा आणि आईला सांगावे, "जेवायला पुढच्या रविवारी येतो." निकाल 'हो' आला, तर त्याने वर्गातील तीस मुले आणि आई यांना वाचवले. निकाल 'नाही' आला, तर दोन दिवस गेले. आणि 'नाही' आल्यावरही घसा दुखतच असेल, तर आईची भेट आणखी काही दिवस लांबवणे शहाणपणाचे; शहाण्णवांतला एक आपणच नसू याची खात्री कोणी द्यावी?

पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०२१ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये डेल्टा प्रकार पसरला, तेव्हा त्याच ॲपच्या नोंदींत डोकेदुखी, घसादुखी आणि वाहते नाक ही लक्षणे अग्रभागी आली. इंग्लंडमधील विलगीकरणाची कायदेशीर सक्ती २४ फेब्रुवारी २०२२ रोजी संपली आणि एप्रिल २०२२ मध्ये अधिकृत यादीत घसादुखी, डोकेदुखी, वाहते नाक यांची भर पडली. म्हणजे ज्या घशाला नियमाने कधी काळी मोजले नव्हते, तोच घसा पुढे यादीत जाऊन बसला. नियम चुकीचा होता म्हणून नव्हे. माहिती वाढली आणि विषाणूही बदलला म्हणून.

आज ती सक्ती नाही. लसीमुळे आणि आधीच्या लागणींमुळे धोकाही पुष्कळ उतरला आहे. तरी सर्दी-पडशाचे, फ्लूचे विषाणू आपल्या शाळांतही दरवर्षी येतात, आणि शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसासाठी नाक पुसत वर्गात बसलेला एखादा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. शिक्षकांनीही या बक्षिसाचा एकदा विचार करावा. 'मला विशेष काही झालेले नाही' हे वाक्य खरे असू शकते. पण ते म्हणताना शेजारच्या बाकावर कोण बसले आहे आणि घरी आजी आहे का, एवढे आठवून पाहा.

करून पाहा : वरील उदाहरणात ५० ऐवजी २०० जणांना लागण झाली आहे असे माना. बाकी सर्व तसेच ठेवा. 'नाही' निकाल आलेल्यांपैकी किती जणांत एकाला लागण असेल? (उत्तर : १६० सापडतील, ४० निसटतील, ८४० 'नाही' निकालांत ४०, म्हणजे एकवीसात एक. चाचणी तीच, निकालही तोच. पण साथ वाढली की त्याचा अर्थ बदलतो.)